यशोदेचा धुण्याचा फातर

तळेवाडीच्या यशोदेला कोणी माहेर विचारले की ती वेंगुर्ला सांगायची. सासर विचारले की घराकडे नाही, तळीच्या काठाकडे बोट दाखवायची. तिथे केगदीच्या, म्हणजे केवड्याच्या बेटाशेजारी एक काळा रुंद फातर होता. फातर म्हणजे दगडच, पण यशोदेसमोर त्याला दगड म्हणायची सोय नव्हती. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्याने तो बैलगाडीतून आणून काठावर बसवला होता, सुनेला धुणे सोपे जावे म्हणून. सासू बोलायची फार आणि ऐकायची कमी, त्यामुळे घरात यशोदेचे तोंड जेवणापुरतेच उघडत असे. बाकी सगळे ती फातरावर बोलली. सासू गेली, केस पिकले, घरात नळ आला, सून आली, सुनेबरोबर धुण्याचे यंत्र आले, तरी सकाळी बादली घेऊन यशोदा फातरावर ती फातरावरच.

समोरच्या अंगाला शेजारीण पिएदाद बसायची. एकीचा गणपती, दुसरीचा नाताळ, पण नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दोघींच्या सारख्याच. चादर पिळायला दोघी लागतात आणि बातमी पिळायलाही दोघी लागतात, हे त्या काठावर बसलेल्या कोणालाही कळले असते.

तळी मात्र अलीकडे आजारी पडली होती. तिच्याच झऱ्यांवर खालच्या वाडीच्या विहिरी भरतात आणि वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात होतो, पण पाणी हिरवे झाले, वर शेवाळाची साय धरली आणि विहिरीला वास यायला लागला. कोणी गणपतीचा थर्माकोलचे मखर टाकी, कोणी कोंबडीची पिसे. मालवणला फिरायला निघालेले लोक वाट वाकडी करून गाड्या धुवायला येत. काठची केगद तोडल्यामुळे माती दर पावसात पाण्यात उतरे.

यशोदेची सून सारिका, जिचा नवरा विनीत बोटीवर असतो, तिने हे काम अंगावर घेतले. घरोघर फिरून माणसे गोळा केली, आणि दर रविवारी तळीचे काम सुरू झाले. कोणी शेवाळ काढी, कोणी पिशव्या वेची, कोणी काठावर केगद आणि वाळा लावी. वर काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव. उसळीसाठी येणारेही पुढे पुढे फावडे धरायला लागले.

पहिल्या सभेत सारिकेने सगळे समजावून सांगितले होते. मखर, प्लास्टिक, गाड्या, आणि शेवटी थोड्या बारीक आवाजात, साबण. साबणाचे पाणी म्हणजे शेवाळाला खतच, असे ती म्हणाली. सभेतल्या बायकांनी पदराशी चाळा केला. यशोदेने मात्र जोरजोरात मान हलवली. तिला वाटले, हे इतरांच्या साबणाबद्दल चालले आहे.

एवढी मान हलवणारी बाई बघून लोकांनी काठाची राखण तिच्याकडेच दिली. आणि तिने ती राखलीही. एका दुपारी कोणी पाहुणे चाके पाण्यात घालून गाडी धूत होते. यशोदा रागावली की शुद्ध मराठी बोलते, कचेरीत साहेबापुढे बोलतात तशी.

"गाडीला आंघोळ चालली आहे वाटतं?"

"आजी, जरासा चिखल लागलाय फक्त."

"असू दे, असू दे. तुम्ही घरी प्यायचं पाणी कशात साठवता?"

"टाकीत."

"मग पत्ता देऊन ठेवा. आमच्या बाबलीची म्हैस घेऊन येते. तिलाही जरासा चिखल लागलाय."

पाहुण्यांनी गाडी मागे घेतली. जाताना वेफर्सच्या पिशव्या उचलल्या, स्वतःच्या नव्हत्या त्यासुद्धा.

गोष्ट बाबलीच्या कानावर गेली. बाबली म्हणजे वाडीतला गावकर, देवळातली गाऱ्हाणी तोच घालतो. तो संध्याकाळी अंगणात येऊन उभा राहिला.

"वयनी, परक्या माणसांफुड्यात माझ्या म्हशीचा नाव कित्याक घेतलंस?"

"मगे कोणाचा घेऊ? दिवसभर तळयेत लोळता ती खंयची? रविवारी केगद लावच्या आधी गाऱ्हाणा घालतलास मा? त्यात घाल तिका."

"घालतंय. पण मगे सगळीच घालूची लागतत हां."

"घाल मरे. कोणाक सोडू नको."

बाबली जाताना हसला तो का, हे यशोदेने विचारले नाही. तिथेच चुकले.

गाऱ्हाणे म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने घातलेली विनवणी. एकाने वाक्य सोडायचे आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. आता खरे सांगायचे तर ते वाक्य कोणी ऐकत नाही. गावकराचा सूर खाली आला की "व्हय म्हाराजा" आपसूक तोंडातून येते, एकाला बघून दुसऱ्याला जांभई यावी तसे. पण एकदा म्हटले की तो देवीपुढचा शब्द. मग त्यात मागेपुढे नाही.

रविवारी ग्रामदेवी सातेरीच्या देवळापुढे सगळे उभे राहिले. पिएदाद कडेला फावडे घेऊन थांबली. देव तिचा नव्हता, तळी तिची होती.

"बा देवा म्हाराजा," बाबलीने सुरू केले, "आज ही तुझी लेकरां तळयेच्या कामाक उभी ऱ्हवली हत. तेंच्या कामाक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"मखर, प्लास्टिक नि कोंबयेची पिसां जो कोण तळयेत टाकीत, तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझी म्हस धरून सगळ्या म्हशींका आजपासून तळी बंद, ता आमच्याकडसून पाळून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यशोदेने बाबलीकडे बघून हे जरा जास्तच ठासून म्हटले, आणि त्या समाधानात तिचे कान मिटले.

"आणि कपड्यांचो साबण आजपासून ह्या तळयेत कोण घालूचो नाय, ता आमच्याकडसून पाळून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

या वेळी बायकांचे आवाज घशातच राहिले होते, त्यामुळे यशोदेचा एकटीचा खणखणीत ऐकू गेला. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सारिका पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. यशोदेने मनात वाक्य मागे फिरवून पुन्हा ऐकले आणि तिचे जोडलेले हात तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने बादली घेऊन ती केगदीपर्यंत आली आणि थांबली. पिएदाद फातरावर येऊन बसली होती.

"बस गो. उभी कित्याक?"

"कशी बसू? बोललंय मा देवीफुड्यात."

"तू बोललंस. मी खंय बोललंय? मी फावडा घेवन कडेक होतंय."

यशोदेच्या डोळ्यांत जराशी चमक आली. "मगे माझे कपडे तू धुव."

"व्वा गो. हात माझे, पण लुगडा तुझाच मा? बोललंस तू, पाळ तू."

यशोदा परत फिरली. पिएदादला खरे तर आता सगळा फातर मोकळा होता. तिने एक उशीची खोळ भिजवली, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितले, खोळ तशीच पिळली आणि तीही घरी गेली.

घरात यंत्र होते. सारिकेने बटण दाखवले, यशोदेने दाबले आणि पुढ्यात पाट टाकून बसली. यंत्र गुरगुरले, थरथरले, मध्येच थांबले. यशोदेने वाट बघितली.

"ह्या गुरगुरता," ती शेवटी म्हणाली, "पण जाब देणा नाय."

घरात कपडे साचले नाहीत, बोलणे साचले. तिचा नवरा सत्यवान मुंबईची नोकरी करून घरी येऊन बसलेला, मितभाषी माणूस. पहिले दोन-चार दिवस त्याला घरातली शांतता बरी वाटली. मग एकदा त्याने मुद्दाम चपला घालून माजघरात फेरी मारली. यशोदेने बघितले आणि काही बोलली नाही. सत्यवान घाबरला.

तिकडे बाबलीलाही चुटपुट लागली होती. म्हशीचा राग साबणावर काढला खरा, पण वयनी अशी गप्प होईल असे त्याला वाटले नव्हते. तो येऊन म्हणाला, "वयनी, देवीक कौल लावया. उजवो दिल्यान तर शब्द सुटलो. खुशाल धुव."

कौल म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून देवीला विचारायचे. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. यशोदेने केसांत फूल माळले आणि निघाली. देवळाच्या पायरीवर पोचली तो खाली तळीकाठी एक गाडी येऊन थांबलेली. तिच्यातला एक जण बादली घेऊन उतरला, त्याने मान वर केली, पायरीवरच्या यशोदेला बघितले आणि बादली मुकाट्याने गाडीत ठेवली. "ती पत्ता विचारणारी आजी," तो आतल्या माणसाला म्हणाला, ते वरपर्यंत ऐकू आले. गाडी निघून गेली.

यशोदा पायरीवरच बसली. आत बाबली पाकळ्या भिजवून तयार होता.

"ये मा वयनी."

"नको रे भावोजी. ऱ्हवंदे."

"कित्याक? डावो येयत म्हणान भियातंस?"

"डाव्याक कोण भियाता? उजवो इलो तर काय करू? माका धुवूचा लागात. मगे तो गाडीवालो माझोच पत्तो इचारीत."

घरी आल्यावर तिने हे सगळे नवऱ्याला सांगितले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एवढे बोलली, म्हणून सत्यवानाने पानावरून हात काढून नीट ऐकले.

"फातर तळयेचो की तुझो?" त्याने विचारले.

"माझो."

"मगे तुझ्यावांगडा येवंदे मा तो. तूच कित्याक तेच्याकडे जाऊक व्हयी?"

"मामंजींनी बसवलेलो फातर हा तो. जाग्यावरसून हलवचो?"

"बाबान तो काठासाठी नाय आणल्यान," सत्यवान म्हणाला आणि पुन्हा आमटी कालवायला लागला. "तुझ्यासाठी आणल्यान."

यशोदेने आमटीचे भांडे पुढे ओढले. त्याच्या पानात माशाची आणखी एक तुकडी वाढली.

जागा पिएदादने दिली. तळीच्या बांधापलीकडे तिची विहीर आहे, विहिरीला लागून केळी. फातर विहिरीपाशी मांडायचा आणि चर खणून साबणाचे पाणी केळीत सोडायचे. सारिकेने उतार बघितला, पाणी ओतून बघितले, तळीकडे एक थेंब जात नाही हे पाहिले, आणि सासूकडे न बघता म्हणाली, "हयसर चलात."

"माझ्याकडे बघून बोल गो. मी काय खातंय तुका?"

"साबणाचा तुमका घरात सांगूक भियालंय, आई. म्हणान सभेत सांगलंय."

"आणि सभेत मीच जास्ती मान हालयलंय," यशोदा म्हणाली. "तुका वाटला आसतला, म्हातारी लगेच सुदारली."

रविवारी माणसे बांबू आणि दोरखंड घेऊन आली. पण देवीच्या तळीवरून वस्तू हलवायची, म्हणजे आधी गाऱ्हाणे आले. बाबली उभा राहिला. या वेळी मात्र कोणाला जांभई येत नव्हती. जो तो एकेक शब्द मोजून मापून ऐकत होता. बाबलीने "ह्या कामात कोणाच्या हातापायाक दुखापत होऊ दी नको रे म्हाराजा" म्हटले, तेव्हासुद्धा लोकांनी आधी एकमेकांकडे बघितले, त्यात काही फसवे नाही ना याचा विचार केला, आणि मग सावकाश "व्हय म्हाराजा" आले.

बाबलीने घसा साफ केला. "आणि बा देवा म्हाराजा, ह्या फातरार बसान गावाची जी उणीदुणी निघतत, ती आजपासून बंद होवंदेत रे म्हाराजा."

यशोदेने ओठ असे मिटले की सुईसुद्धा आत गेली नसती. बायकांना एकदम माडावरचे नारळ बघावेसे वाटले. सत्यवान चष्मा पुसायला लागला. बाबली वाट बघत उभा, आणि गाऱ्हाण्याला जाब मिळाल्याशिवाय काम पुढे जाईना.

"अरे, बोला कोणतरी," तो पुटपुटला.

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला.

सगळे वळले. पिएदाद फावड्यावर रेलून उभी होती. "बघतास काय?" ती म्हणाली. "ऊन चढता. फातर उचला."

फातर उचलला. उचलताना तरण्यांच्या माना फुगल्या आणि म्हाताऱ्यांनी सूचना दिल्या. सर्वांत जास्त सूचना यशोदेने दिल्या. काठावर फातराच्या जागी जो खळगा राहिला, त्यात सारिकेने केगदीचे रोप लावले. यशोदेने त्याला ओंजळभर पाणी घातले, तळीतलेच, आणि हात पदराला पुसले.

सोमवारी सकाळी दोघी जणी विहिरीपाशी आपापल्या अंगाला बसल्या. बाजू त्याच, तोंडे समोरासमोर. पिएदादने चादर आपटली, इकडेतिकडे बघितले आणि पुढे वाकली.

"गो यशोदे, बाबलीच्या घराकडे काल काय झाला, ऐकलंस?"

यशोदेने साबण हातात घेतला, लुगड्यावर सावकाश फिरवला.

"गप ऱ्हव. गाऱ्हाण्यात बोललंस तू, पाळ तू."

पिएदादने हातातली चादर खाली ठेवली.

"मी खंय बोललंय?" यशोदा म्हणाली. तिने लुगडे फातरावर आपटले, शिंतोडे केळीच्या पानांवर उडाले. "आता नीट ऐक. बाबलीच्या घराकडे काल काय झाला, ता तुका मी सांगतंय."