कोमट म्हणजे किती

घरात तान्हं बाळ असलं की किस्से शोधावे लागत नाहीत. आमच्याकडे तर एकट्या दुधाच्या बाटलीवरूनच एवढे जमलेत, की मैत्रिणी भेटल्या की आधी तेच विचारतात. आता सांगताना मजा वाटते, तेव्हा मात्र माझं डोकं पार फिरलं होतं.

मुलगी ओवी. माझं दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं. "उकळलेल्या पाण्यात करा, झाकण घट्ट लावून बाटली नळाखाली गार करा, मग मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाका. कोमट लागलं की पाजा."

"कोमट म्हणजे किती?" मी विचारलं.

"कोमट म्हणजे कोमट," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

*

पहिली बाटली गार करायचं काम नवऱ्याने घेतलं. मयूर इंजिनियर आहे आणि ते तो कुणाला विसरू देत नाही. बाटली नळाखाली धरून उभा राहिला. ओवी रडतेय, पाणी वाहतंय, आणि दूध काही निवत नाहीये. शेवटी मी धारेखाली हात घातला, तर पाणीच गरम! मे महिना, भर दुपार, आणि बिल्डिंगची टाकी गच्चीवर.

"म्हणजे इतका वेळ आपण बाटली गरमच ठेवत होतो?"

"टेम्परेचर मेंटेन करत होतो," मयूर म्हणाला.

त्या दिवसापासून आम्ही पातेल्यात माठाचं पाणी घेऊन त्यात बाटली ठेवायला लागलो.

*

मग कोपरहून माझी आई आली. तिने बाटलीतलं दूध एका वाटीत ओतलं, त्या वाटीतून दुसऱ्या वाटीत, चहा निववतात तसं. वर फुंकरही मारली.

"अगं आई, मग बाटली उकळली कशाला?"

"तुला असंच पाजलंय. काही झालं का तुला?"

मयूर काहीतरी बोलणार होता. माझ्याकडे बघून तो बाल्कनीत गेला.

*

पुढे मयूरने थर्मामीटर मागवला. दुधात बुडवला तर आकडा आला अठ्ठ्याण्णव. मी घाबरून बाटली मागे ओढली. सासऱ्यांनी पेपरातून मान वर केली. "अठ्ठ्याण्णव म्हंजे ताप नाय."

खरंच, तो फॅरनहाइट दाखवत होता. सेल्सियसचं बटण सापडेपर्यंत दूध थंडगार झालं. दुसऱ्या दिवशी मयूरने निर्जंतुक करायला म्हणून थर्मामीटरही बाटल्यांबरोबर उकळत्या पाण्यात टाकला. त्यानंतर त्यावर आकडा आलाच नाही.

*

राहिलं मनगट. बाटली एक, मनगटं तीन. मला चटका बसला. मयूर म्हणाला, "परफेक्ट." सासूबाई म्हणाल्या, "थंड हाय गो, गरम कर."

सासूबाई मूळच्या बाळकुमच्या. जन्मभर चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या केलेल्या. अजूनही तव्यावरची भाकरी हातानेच उलटतात, पातेल्यावरचं तापलेलं झाकण तसंच उचलतात. त्यांना काही भाजतच नाही. आणि सोमवारपासून मी ऑफिसात, ओवी त्यांच्याकडे.

"आई, तुम्हाला गरम लागतं ना?" मी भीत भीत विचारलं.

"माज्या हाताचा भरोसा नाय तुला?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

मला फार वाईट वाटलं. पण ओवीचं तोंड पोळलं तर? रविवारी मी राजीनामा टाइप करून ठेवला.

*

सोमवारी माजिवड्याच्या ऑफिसात माझं कशात लक्ष लागेना. लंच ब्रेकमध्ये रिक्षा पकडून तडक घरी आले. दार उघडंच होतं. हॉलमध्ये बिल्डरची माणसं बसलेली, टीपॉयवर आमच्या जमिनीचा नकाशा. गावात सासऱ्यांचा दरारा आहे. जमिनीची बोलणी चालू असली की त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लाससुद्धा आवाज न करता ठेवावा लागतो. तेच सासरे डावी बाही वर सारून, हात पुढे करून बसले होते. सासूबाईंनी त्यांच्या मनगटावर बाटलीतले दोन थेंब टाकले.

"गरम हाय अजून," नकाशावरची नजर न काढता ते म्हणाले. "हां, रस्ता कुठून काढताय?"

सासूबाई आत गेल्या. बाटली माठाच्या पाण्यात ठेवून, पुसून, थोड्या वेळाने परत आल्या. पुन्हा दोन थेंब.

"आता बरोबर."

सासूबाईंचं तेवढ्यावर भागलं नाही. त्या बिल्डरच्या एका माणसाकडे वळल्या. "तुमचा हात बगू."

त्याने निमूट घड्याळ काढलं, कफचं बटण सोडलं आणि हात पुढे केला.

"ठीक आहे, काकी."

तेव्हा त्यांना दारात उभी असलेली मी दिसले.

"दोगांनी बगितलं," त्या म्हणाल्या. "तू हापिसला जा."