टेकडीवरच्या टाकीचा फोन

पाणीपुरवठा कार्यालयात त्याला सगळे ‘दारवान’ म्हणत. दारावर उभा राहायचा म्हणून नव्हे. त्याची खुर्ची आतल्या गार खोलीत, बाहेरचे फोन घेणाऱ्या राउटरसमोर होती. गावाबाहेरच्या टाक्यांवरची यंत्रं तासातासाला फोन लावून पाण्याची पातळी कळवत. त्यातला कुठला फोन आत घ्यायचा आणि कुठला तोडायचा, ते दारवानाने राउटरला शिकवून ठेवलं होतं. फोन उचलला की राउटर आधी स्वतःचं नाव सांगे. पलीकडचं यंत्र त्या नावापुढे नोंदलेला परवलीचा शब्द शोधून उत्तर देई. उत्तर जुळलं तर आत, नाहीतर बाहेर. “इथे वशिला चालत नाही,” असं तो मोठ्या टेचात सांगायचा. माणूस कामाला चोख, पण त्या चोखपणाची घमेंडही तेवढीच. त्याची चूक निघणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, असं सगळं कार्यालय म्हणे, आणि त्याला ते आवडे.

टेकडीवरच्या टाकीचा राखणदार त्याचा सख्खा थोरला भाऊ. टाकीला लागूनच दोन खोल्यांचं घर, आणि आत अंथरुणाला खिळलेली वहिनी. राखणदारी आहे तोवरच ते घर. मागे एकदा दादाच्या हातून झडप उघडी राहिली, तेव्हा साहेबांनी तंबी दिली होती, पुन्हा काही झालं तर दूरच्या आगारात पाठवीन. तिथे राहायला खोली नव्हती.

मध्यंतरी कार्यालयाचं नाव बदललं, तसं यंत्रांनाही नवं नाव हवं, असं साहेबांच्या मनात आलं. दारवानाने राउटरचं नाव बदललं आणि मग यंत्रांतही ते घालायला एकेका टाकीवर जाऊन आला. दुसऱ्या दिवशी सगळ्या टाक्यांचे फोन आत आले. टेकडीवरचा मात्र येई, फोन जोडल्याची शिट्टी तिथल्या यंत्रात वाजे, आणि ओळख पटली नाही म्हणून तुटे. इथे पातळी कळली नाही, म्हणून पंप सुरू झाला नाही. तिथे दादा शिट्टी ऐकून, पातळी कळली असं समजून निर्धास्त बसला. टाकीने तळ गाठला, खालच्या वस्तीतले नळ कोरडे पडले आणि माणसं साहेबांच्या टेबलाभोवती येऊन ओरडायला लागली.

दारवानाने दादाला फोन लावला. “तू परत यंत्राच्या कीबोर्डवरून ओलं फडकं फिरवलंस ना?”

“जरा पुसला. धूळ किती बसते इथे.”

“झालं! काहीतरी दाबलं गेलं असणार.”

“असेल बाबा. तुला त्यातलं कळतं.”

मग साहेबांनी विचारलं, तेव्हा दारवान फाडकन बोलून गेला, “माझ्या बाजूने सगळं ठीक आहे. तिथल्या माणसाचा हात लागला.” सख्ख्या भावावर खापर फोडताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही. राग येतो अशा माणसाचा.

यंत्र दुरुस्त करायला तो टेकडीवर गेला. परवलीचा शब्द जसाच्या तसा होता, कुणी काही दाबलं नव्हतं. पण तो राउटरच्या जुन्याच नावापुढे नोंदलेला होता. तेव्हा त्याला आठवलं. त्या दिवशी तो आला, वहिनीच्या उशाशी बसला, गप्पा रंगल्या, आणि यंत्राला हातही न लावता तो तसाच खाली उतरला होता. घाईघाईने त्याने नवं नाव घातलं, फोन लागला, पातळी गेली.

“दादा कुठाय, वहिनी?”

“साहेबांनी बोलावलंय. तुम्ही म्हणालात ना हात लागला म्हणून? कबूल करून टाकतो म्हणाले.” मग ती हळूच म्हणाली, “भाऊजी, घर सोडावं लागेल का हो?”

तो धावतच सुटला. साहेबांच्या खोलीत दादा मान खाली घालून उभा होता. बदलीचा हुकूम टेबलावर तयार होता.

“साहेब, चूक माझी आहे,” दारवान धापा टाकत म्हणाला. “नवं नाव घालायचं मीच विसरलो. दादाने काहीच केलं नाही.”

साहेबांनी दादाकडे पाहिलं. दादा चक्क हसला. “याचं काही ऐकू नका, साहेब. हा आणि चुकेल? मला वाचवायला अंगावर घेतोय.”

“मला पण तेच वाटलं,” साहेब म्हणाले. “जुनं नाव आहे तिथे अजून? दाखवा.”

ते नाव दारवानाने आत्ताच स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

“खरंच सांगतोय, साहेब! देवाशपथ!”

“भावासाठी जीव तुटतो, समजू शकतो मी,” म्हणत साहेबांनी सही केली.

बाहेर आल्यावर दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दादाचे डोळे भरून आले होते.

“दादा, मी खरंच विसरलो होतो रे.”

“पुरे आता,” दादा म्हणाला. “घर गेलं तर गेलं. माझ्यासाठी तू साहेबांसमोर खोटं बोललास, हे तुझ्या वहिनीला कधी एकदा सांगतो असं झालंय मला.”