अधिकाचं वाण

उमरेडला रेल्वे यायच्या आधीची गोष्ट. अधिक श्रावण होता. नागपूरला इतवारीत कापड विकायला आलेल्या उमरेडच्या एका विणकरानं आमच्या दारातूनच निरोप दिला, "तुह्या बहिणीचा ताप उतरून नाही राहिला गा. तिची सासू म्हणते, भावानं यावं अन् तिले नागपूरले दवाखान्यात न्यावं. गाड्या चिखलात फसून राहिल्या, पण डोलीले माणसं आहेत. तू फक्त सडा ये, ओझं-बिझं काही नको."

डोली होती, खांदे होते, पण माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय सून उंबरठ्याबाहेर पाठवायची नाही! आग लागो असल्या रीतीला.

मी घटकाभरात तयार झालो. अंगावर धोतर, डोक्याला पंचा, फडक्यात फुटाणे-गूळ, हातात लोटा. त्या घामट हवेत याहून जास्त काही घेणं मूर्खपणाच; ओलं झालेलं वाळत नाही, नुसतं जड होतं. रात्र पडत आली होती; पहाटे निघालो असतो तर दिवस मावळेपर्यंत पोचलो असतो.

आई आडवी आली. "अधिक महिन्यात जावयाच्या दारी रिकाम्या हातानं जाशील? बाप नाही म्हणून माहेर तुटलं, म्हणतील लोक."

वाण म्हणजे तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, दिवा, धोतरजोडी. अनारशाचं पीठ घरात नव्हतं. म्हणजे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचे, कुटायचे, मग गुळात मुरवायचे. तिकडे बहीण तापानं फणफणतेय आणि इकडे आमचे तांदूळ भिजतायत! मी ओरडलो, ताटाला लाथ मारली. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी मी गप्प बसलो. होय, बसलो.

सहाव्या दिवशी निघालो. डोक्यावर गाठोडं, पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात, ओल्या धोतरानं मांड्या सोललेल्या. मान धरायची म्हणून दर कोसाला ओझं उतरवायचं, पुन्हा चढवायचं. अंधार पडला तेव्हा वाट अर्धीच सरली होती. एका देवळाच्या पडवीत पडलो. अनारसे दमट हवेनं मऊ पडून फडक्याला चिकटले होते. फेकून द्यावेत असं शंभरदा वाटलं, पण हात धजला नाही. जावयाचं वाण ना ते! माझ्या भित्रेपणाची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. जावई मुंडण करून ओट्यावर बसले होते. मला पाहून त्यांनी मान खाली घातली. सासू बाहेर आली.

"कालच नेलं तिले. काहून उशीर केला, बापू? एक लुगडं गाठोड्यात बांधून चार दिवस दाराकडं पाहत होती. म्हणे, माझा भाऊ चालण्यात पक्का आहे, आज येईनच."

काहून? अनारसे तळत होतो म्हणून?

परतलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं माझ्यामागं रस्त्यावर डोली शोधली. मी बहिणीचं लुगडं तिच्या हातात दिलं. ती तिथंच खाली बसली, आणि मी तिला उठवलं नाही.

पुढं आई गेली, तिच्यावरचा राग ओसरला. पहिल्याच पहाटे तिला बाजूला सारून निघता आलं असतं. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.