आईनं न लावलेला फोन

आधीच सांगतो, लोकांचे असे गूढ अनुभव मी आजवर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवून हसत आलोय. मी ऑटोमेशन इंजिनीअर, इकडे परदेशात, ईस्ट टामाकीच्या एका फॅक्टरीत. मशीन बंद पडलं की शोधल्यावर कारण सापडतंच, यावर माझं पोट चालतं. तरी हे लिहितोय...

गेल्या हिवाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे टाकानिनीला आली होती. एका मंगळवारी सकाळी पोट धरून खालीच बसली. हॉस्पिटलात नेलं तर आतड्याला भोक पडलं होतं, ताबडतोब ऑपरेशन. त्याआधी नर्सनं फॉर्म दिला — नेहमीची औषधं कोणती? आई कण्हत काहीतरी सांगू बघत होती. "तू पडून राहा गं, मला माहितेय सगळं," असं म्हणून मी ठसक्यात लिहिलं — फक्त थायरॉइडची गोळी. नर्स "स्वीट अ‍ॅज" असं इथल्या बोलीतलं 'झकास' म्हणून फॉर्म घेऊन गेली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण आयसीयूत आईचं बीपी काही टिकेना. तोंडात व्हेंटिलेटरची नळी, पूर्ण बेशुद्ध. बीपी वाढवायची औषधं चढवत नेली तरी आकडा खालीच. गुरुवारी दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बहिणीला इंडियातून बोलवायचं असेल तर उशीर करू नका.

साडेपाचच्या सुमारास आयसीयूलगतच्या नातेवाइकांसाठीच्या खोलीत बसलो होतो, तेव्हा इंडियाचा एक अनोळखी नंबर आला.

"वैद्यांच्या दुकानातून बोलतोय, पुण्याहून. काकूंचा आत्ताच फोन येऊन गेला. म्हणाल्या, तीन दिवस पुडी घेतली नाहीये, मुलाला कळवा. निळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत."

"कोण काकू?"

त्यानं आईचं नाव सांगितलं. "आवाज जरा खोल गेलेला होता, पण काकूच. गुडघ्यांसाठी वर्षभर आमच्याच पुड्या घेतात ना."

वर्षभर? मला पत्ताच नव्हता. आणि आई तर त्या क्षणी भिंतीपलीकडे नळी लावून पडली होती. आधी वाटलं, स्कॅम असणार. तरी बायकोला फोन करून पर्स बघायला लावली. आतल्या कप्प्यात खरंच कागदाच्या पुड्या होत्या, ढीगभर.

ती घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी एक पुडी उघडून पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, असल्या पावडरींमध्ये बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. संकटात शरीर कॉर्टिसोल नावाचं हॉर्मोन बनवतं, त्यावरच माणूस तगतो. ते वर्षभर बाहेरून मिळालं की शरीर स्वतः बनवायचं सोडून देतं. मग पुडी अचानक बंद झाली आणि वर एवढं मोठं ऑपरेशन... त्यांनी तपासणीला रक्त पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच हॉर्मोनचं इंजेक्शन सुरू केलं. सकाळपर्यंत बीपीची औषधं निम्म्यावर आली. रिपोर्टमध्ये कॉर्टिसोल जवळपास नव्हतंच.

नंतर त्या दुकानदाराला मी फोनवर असा झापला की विचारू नका. शेवटी विचारलं, माझा नंबर कुणी दिला? "काकूंनीच सांगितला, मी पेपरच्या कडेला लिहून घेतला." बहीण पुण्यातच असते, तिनं दुकानात जाऊन पाहिलं. गुरुवारचा पेपर, कडेला माझा इथला नंबर. बहिणीला पुड्यांचं काही ठाऊक नव्हतं. दुकानात लँडलाइन, त्यामुळे फोन कुठून आला ते कळायला मार्ग नाही. आईचा मोबाइल मंगळवारपासून माझ्याच खिशात बंद पडलेला होता. माझा नंबर तर तिला पाठही नाही.

आई आता ठणठणीत आहे. फोनचं तिला काहीच आठवत नाही. तो कसा लागला, हे मीही सांगू शकत नाही.

एकदा मऊभात खात बसली होती, तेव्हा विचारलं, "पुड्यांचं मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडला असतास."

त्या संध्याकाळी मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. जिवावर बेतलं तेव्हाही तिनं मला नाही, पुण्यातल्या दुकानदाराला सांगितलं. बाकी कशाहीपेक्षा मला याचंच रडू येतं.