नेरगुई म्हणाला

दावासुरेन माझी नणंद. आमच्या गोबी वाळवंटाच्या या कोपऱ्यात बातमीदार म्हणून ती एकटीच. आधी सांस्कृतिक भवनात गाण्यांचं निवेदन करायची. खाण आली तशी फोनवर ‘विहीर’ नावाचं बातम्यांचं पान काढून बसली. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. मी वैतागून म्हणायचे, “तुझ्या जिभेला हाड नाही, निस्तरायचं मात्र आम्ही.”

त्या वसंतात उंटांनी विहिरीच्या पाण्याला तोंड लावणं सोडलं. खाणीचा टँकर कोरड्या नदीत घाण ओततो, हे खाणीच्याच पहारेकऱ्यानं पाहिलं होतं. त्याचं नाव नेरगुई. दावा म्हणाली, नाव लपवते. तो भडकला. “मी काय मेंढी चोरलीय? लाव नाव.” तिनं लावलं: नेरगुई म्हणाला.

आता नेरगुई म्हणजे ‘नाव नाही’. आधीची लेकरं जगली नाहीत की आमच्याकडे असं नाव ठेवतात. मृत्यू दारात येतो, नाव विचारतो आणि हात हलवत परत जातो. त्यामुळे वाचणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी निनावी माणूस बोललाय. खाणवाल्यांनाही तेच वाटलं. दावाला गंमत कळली, पण ती गप्प बसली. नेरगुईची बायको बाळंतीण होती, त्याची नोकरी टिकायला हवी होती.

राजधानीतल्या पत्रकार अनुजिननं ती बातमी आपल्या साइटवर घेतली, मग तिच्या ओळखीच्या आणखी कितीतरी जणांनी घेतली. तिथं खाणीची झोप उडाली.

“कुत्रा धरा!” दुपारी बाहेरून हाक आली; आमच्याकडे येणारा पाहुणा असंच म्हणतो. जिल्ह्याच्या पोलिसांचा कॅप्टन. आणि आमच्या गेरात, लोकरी तंबूत, दाराजवळ नेरगुई बसलेला! बायकोसाठी दूध न्यायला आला होता.

पाहुणा कसाही असो, आधी चहा. कॅप्टननं वाटी घेतली, एक घोट प्याला आणि फोन काढला. “ताई, हा निनावी माणूस कोण? नाव सांगा. नाहीतर माणूसच नाही, बातमी खोटी. पान बंद, आणि तुम्ही माझ्याबरोबर गाडीत.”

“मी जे आहे ते लिहिलंय,” दावा म्हणाली.

तिचा फोन वाजला. अनुजिन. दावानं सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला. “ताई, कुठल्याही कागदावर सही करू नका. आमचा वकील निघालाय.”

कॅप्टन हसला. “येऊ दे. वाळवंट मोठं आहे.”

नेरगुई उठायला लागला. मी त्याच्याकडे डोळे वटारले. “ए, दूध उतू जाईल, बस खाली!” दूध चुलीवर नव्हतंच. तो बसला. त्याचं नाव तोंडातून निसटू नये म्हणून मी दातांत ओठ धरला होता.

आणि आमच्या बहिऱ्या सासूबाई! कोपऱ्यातून मोठ्यानं म्हणाल्या, “नेरगुई, चहा घे की रे!”

कॅप्टनचा चेहरा लाल झाला. “आजी, मला नाव आहे. आल्या आल्या सांगायचं राहिलं, चुकलं. मी कॅप्टन बातसुख.” त्याला वाटलं, म्हातारी त्यालाच टोमणा मारतेय. मला हसू फुटत होतं आणि रडूही. वाचलो, असं मला वाटलं.

कॅप्टननं वाटी खाली ठेवली. “चला ताई. बॅग घ्या.”

दावानं बॅग उचलली. नेरगुईकडे एकदाही पाहिलं नाही. एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

“थांबा साहेब.” नेरगुई उभा राहिला. मी त्याची बाही ओढली, त्यानं सोडवून घेतली. खिशातून ओळखपत्र काढून कॅप्टनच्या हातात दिलं. “बातमीत माणसाचं नाव आहे. पहिल्या दिवसापासून आहे.”

कॅप्टननं ओळखपत्र वाचलं. मग फोनवरची बातमी वाचली. मग पुन्हा ओळखपत्र.

“नोकरी जाईल तुझी,” तो हळूच म्हणाला.

“जाईल.”

“आणि हे नाव आईबापांनी तुला लपवायला ठेवलं होतं.”

“लपून झालं, साहेब,” नेरगुई म्हणाला. “आता लिहून घ्या.”

दावानं बॅग खाली ठेवली आणि तोंडावर पदर घेतल्यासारखी बाही घेतली. कॅप्टन लिहीत होता. सासूबाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं.

“नेरगुई,” त्या म्हणाल्या, “गार होतोय रे चहा.”

या वेळी नेरगुई प्याला.