पोलादाला पाझर

जाळ्या आणि फाटकं जोडून देणाऱ्या त्या वेल्डरला सगळी गल्ली 'पोलाद' म्हणायची. पायावर लोखंडी अँगल पडला तेव्हाही त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्यामुळे सिनेमात हरवलेला मुलगा आईला आवाजावरून ओळखतो, त्या प्रसंगाला तो ढसाढसा रडू लागला, तेव्हा बायको पडदा सोडून त्याच्याकडेच बघत राहिली.

"ठिणगी गेली असेल डोळ्यात," तो नाक ओढत म्हणाला.

"आज तर दुकान बंद होतं," बायको म्हणाली आणि हसत सुटली.

पण रडून त्याला इतकं हलकं वाटलं, की दुसऱ्या दिवशी फाटकाचं माप घ्यायला जातो असं सांगून तो गुपचूप दुपारच्या खेळाला जाऊन बसला. तोच प्रसंग आला आणि पुन्हा हुंदका फुटला. या वेळी मात्र पुढच्या रांगेतही कुणीतरी मुसमुसत होतं. दिवे लागले, त्या बाईंनी मागे वळून पाहिलं, तर सासूबाई. अख्खं सासर ज्यांच्यासमोर चळाचळा कापायचं, त्यांचं नाक टोमॅटोसारखं लाल झालं होतं.

"जावईबापू, मी आत्ता दाताच्या डॉक्टरकडे आहे बरं का," त्या म्हणाल्या.

"आणि मी फाटक मोजतोय," तो म्हणाला.

दोघं असे खदखदून हसले, की झाडूवाला केर काढायचा थांबला. सासूबाईंनी पर्समधून कोरा रुमाल काढून जावयाच्या हातात ठेवला.

"पुढचा खेळ सहाला आहे. चला, तिकिटं मी काढते."