बाबा ‘हो’ म्हणाले तेव्हा

‘जो म्हणतो मी अगदी ठीक आहे, त्याच्याकडे आधी बघायचं.’ बाबांचं हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच गेलं...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरला सोनेगावकडे राहायचो आणि बाबा विमानाच्या क्रूला ट्रेनिंग द्यायचे. उंचावर ऑक्सिजन कमी पडला तर ते आपलं आपल्याला कसं ओळखायचं, याचं ट्रेनिंग.

त्यासाठी एक लोखंडी खोली होती, गोल काचेच्या खिडक्यांची. आतली हवा हळूहळू विरळ करायची, मग एकेकानं मास्क काढून वजाबाक्या करायच्या. गंमत म्हणजे माणसाला वाटतं, काय झकास जमतंय... आणि कागदावर नुसत्या रेघोट्या.

प्रत्येकाची खूण वेगळी, बाबा सांगायचे. कुणाची नखं निळी पडतात, कुणी उगाच हसतो, कुणी चिडतो. आपली खूण ओळखली की ताबडतोब मास्क चढवायचा.

बाबांची स्वतःची खूण आम्हाला डोंगरेकाकांनी सांगितली. काका बाहेर बसून खोलीतली हवा कमी-जास्त करायचे. एकदा घरी चहा पिताना म्हणाले, "वहिनी, साहेबाले काही मागायचं असन तं मास्क काढल्यावर मागा. काल म्या इचारलं, सगळ्यायले सावजी मटन खाऊ घालता का? तं म्हनते, हो हो, घालतो!"

आई म्हणाली, "मग ती खोलीच आणून ठेवा ना आमच्या घरी."

कारण आमच्या घरात बाबांचं एकच उत्तर असायचं... काही गरज नाही. नवा पडदा? काही गरज नाही. सहल? काही गरज नाही.

पुढे एकदा सगळ्यांच्या घरच्यांना ती खोली दाखवायला बोलावलं. बाबा आत बसले, शेजारी मास्क लावलेला एक सहकारी. काकांनी मला मांडीवर घेऊन माझ्या कानाला हेडफोन लावला, माईक तोंडापुढे धरला. "माग वं पोरी, आत्ताच माग."

बाबांनी मास्क काढला. थोड्या वेळानं मी विचारलं, "बाबा, मला सायकल घ्याल?"

काचेतून बाबा इतकं गोड हसले... तसं मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. "हो, घेऊ की! दोन घेऊ."

मी टाळ्या पिटल्या. आणि त्याच क्षणी काकांचं हसू गेलं. माईक ओढून ते ओरडले, "मास्क! साहेबाले मास्क लावा!" आतल्या सहकाऱ्यानं बाबांच्या तोंडावर मास्क दाबला.

मला रडूच फुटलं. जरा वेळानं हेडफोनमधून आवाज आला, "सायकल कशाला? स्कूलबस आहे ना. काही गरज नाही."

"आले साहेब जाग्यावर!" काकांनी कपाळाचा घाम पुसला.

आज बाबांनी ऐंशी ओलांडलीय. फुप्फुसं थकली आहेत, पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन आहे. मास्क लावायचा म्हटलं की... काही गरज नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचं, तरी तेच.

गेल्या आठवड्यात मी सहज म्हटलं, "बाबा, अंगणातली तुमची स्कूटर विकून टाकू का?" बंद पडून किती वर्षं झाली, पण हात लावू देत नाहीत. ते हसले. तेच, काचेतलं गोड हसू. "विक की. तुला वाटेल ते कर बेटा."

क्षणभर मला किती बरं वाटलं... आणि मग डोंगरेकाकांचं ते ओरडणं आठवलं. मी धावत मशीन सुरू केलं, त्यांच्या तोंडावर मास्क धरला. नखं निळी पडली होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे वटारले. "स्कूटरला हात लावायचा नाही." मी त्यांचा हात धरून रडत बसले. काय झालं, ते त्यांना कळेना.

डोंगरेकाका आता नाहीत. असते तर फोन करून सांगितलं असतं, तुमच्यामुळे आज बाबा आहेत.

आता रोज सकाळी चहा घेऊन मी त्यांच्या खोलीत जाते. दारातच थांबते. आवाज अगदी साधा ठेवते...

"बाबा, स्कूटर विकू का?"